मिठाचा दुसरा खडा

मतमोजणीच्या दिवशी आवळशेतची पेटी फुटायची, तेव्हा कर्जतच्या मांडवात बसलेली माणसं पानाला चुना लावायचीही थांबायची नाहीत. त्यात बघायचं काय? तीनशे सेहेचाळीस नावं, त्यातली तीनशे तीस-पस्तीस मतं पडलेली, आणि सात-आठ सोडली तर सगळी एकाच निशाणीवर. ती सात-आठसुद्धा डोळ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्यांची, चुकून भलतीकडे गेलेली. शिक्का मारायचा काळ होता तेव्हा असंच, मशीन आलं तरी असंच. निवडणूक दिल्लीची असो की मुंबईची, आवळशेतचा आकडा हलला नाही. आजूबाजूच्या गावांतली माणसं हसायची, मेंढरं म्हणायची. म्हणोत बापडी. आवळशेतला त्याची लाज नव्हती.

कारण होतं कालव्याचं. हिरूच्या बापाच्या वेळची गोष्ट. तेव्हा गावात पावसाळी भात निघालं की माणसं वीटभट्टीवर नाहीतर माथेरानला हॉटेलात भांडी घासायला जायची. एक साहेब मतं मागायला आला आणि म्हणाला, कालवा आणतो. असं म्हणणारे पुष्कळ आले होते. याने आणला. माघात कालव्याला पहिलं पाणी आलं, गावाने पहिल्यांदा उन्हाळी भात लावलं, आणि हिरूच्या बापाने घरचा तांब्याचा तांब्या मारुतीच्या देवळात नेऊन ठेवला. त्यात पाणी घातलं. घरटी एका माणसाने मिठाचा एकेक खडा सोडला आणि म्हटलं, जोवर कालव्यात पाणी तोवर आमचं मत साहेबाच्या घराला. जो फुटंल तो या मिठावानी विरघळंल. साहेब गेला, त्याचा मुलगा आला, आता नातू आला. मतदानाच्या आधीच्या रविवारी देवळात मीठ सोडायचं, ही रीत काही मोडली नाही. तांब्या हिरूच्याच घरचा, आणि तो चिंच लावून घासायचं काम हिरूच्या बायकोचं, मोतीबाईचं.

तीन वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कालव्याचं पाणी सोडायचं दार मोडलं. सरकारी माणूस आला, फोटो काढून गेला. साहेबाचा नातू आला, पाण्याच्या बाटलीतलं पाणी पीत उभा राहिला आणि बघतो म्हणाला. तीन माघ कोरडे गेले. कालव्यात तरवडाची झुडपं उगवली. हिरू साठी ओलांडलेला, गुडघ्याने लंगडणारा माणूस, आणि पुन्हा जानेवारीत नेरळला बिल्डिंगच्या कामावर वाळू चाळायला जायला लागला. मुकादम त्याला नावानेही हाक मारायचा नाही, ए बाबा म्हणायचा. मोतीबाईच्या जिवाला ते लागायचं. कालव्याकाठची दीड एकर जमीन असलेला माणूस, आणि ए बाबा.

तर यंदाच्या मोठ्या निवडणुकीच्या वेळी भात खळ्यावर होतं. मोतीबाई फळीवर पेंढ्या झोडत होती, हिरू सुपाने वारवत होता, दोघांच्याही पापण्यांवर कोंडा बसला होता. तेव्हा रूपेश आला.

रूपेश हिरूच्या थोरल्या भावाचा मुलगा. आई गेली तेव्हा अकरा महिन्यांचा होता. मोतीबाईची मुलगी तेव्हा अंगावर पीत होती, तिच्याबरोबर हाही प्यायला. दोन्ही कुशींना दोघं. पुढे शिकला, नेरळला फ्लॅट घेतला, जमिनीच्या खरेदी-विक्रीत पडला, पांढरी गाडी आली. तरी गावात आला की आधी काकीच्या चुलीपाशी बसायचा. गावात कुणाचा कागद अडला की रूपेश, दाखला पाहिजे तर रूपेश. गावाचा तो पुढारी होता आणि मोतीबाईला त्याचं भारी कौतुक.

"काकी, जरा थांब," तो म्हणाला. "यंदा मीठ सोडायचं, पण वेगळं."

"म्हंजे रं?"

"मतदानच करायचं नाय. कुणालाच नाय. बहिष्कार."

हिरूने सूप खाली ठेवलं. "आन् साहेबाचा नातू?"

"आज्याची शपथ काय व्हती? जोवर कालव्यात पाणी. हाय का पाणी?" रूपेशने खळ्यातली एक लोंबी उचलून बोटांनी मळली. "आपली मतं त्यांना फुकट मिळतात म्हणून त्यांना किंमत नाय. एकदा मशीन रिकामी जाऊ दे. टीव्हीवाले येतील, कलेक्टर येईल. माघाच्या आत दार बसतंय का नाय बघ."

बोलणं खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मोतीबाई सांगेल, बोलण्यात खोट नव्हती. खोट बोलणाऱ्याच्या पोटात होती, आणि ती कुणाला दिसायची?

"बायांचं काय?" ती म्हणाली. "बाया मतदानाला नटून जातात रं."

"म्हणून तर तुझ्याकडं आलो. बाया तुझं ऐकतात."

झालं. मोतीबाई चार दिवस दुपारची झोडणी टाकून दारोदार फिरली. सुंदराच्या घरी, गोदाच्या घरी, वरच्या आळीत, खालच्या आळीत. कुणी म्हणालं, मत नाय टाकलं तर रेशन बंद करतील. कुणी म्हणालं, नवरा ऐकायचा नाय. मोतीबाईने एकेकीला समजावलं. एकीलाच समजावता येईना, ती आनंदीबाई.

आनंदीबाई हिरूची चुलत आत्या, पंचाऐंशीच्या पुढची. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आली, ती जन्मभर इथेच. मोतीबाईच्या घराला घर लागून, एकटी राहायची. तिने आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. हिरवं लुगडं फक्त त्या दिवशी पेटीतून निघायचं.

"मी आपली गुपचूप दाबून येईन," ती म्हणाली.

"आत्या, गाव एक झालंय. तुझ्या एका मतानं आकडा पडंल."

"तिथं मास्तर माझं नाव वाचतो गं," आनंदीबाई म्हणाली. "मोठ्यानं. आनंदीबाई धर्मा अशी. समदी ऐकतात. एरवी मला नावानं कोण हाक मारतं? म्हातारी, न्हायतर आत्या."

मोतीबाईला हसू आलं. "पाणी येऊ दे, रोज तुझ्या दारात उभी राहून नाव वाचीन."

रविवारी देवळात सगळं गाव जमलं. रूपेश पुढे उभा होता, दोन्ही हातांनी तांब्या धरून. घरटी एक माणूस पुढे येत होता आणि खडा सोडत होता. खडा पडला की टुबकन आवाज यायचा, बाकी देवळात चिडीचूप. आनंदीबाई मागे खांबाला टेकून उभी होती. मोतीबाईने तिचं मनगट धरून पुढे आणलं, तळहातावर मीठ ठेवलं आणि तिचा हात तांब्यावर उपडा केला. मग स्वतःचा खडा सोडला.

"आन् रूपेशचा?" मागून कुणीतरी म्हणालं. "त्याचं घर राहिलं की."

रूपेश हसला. "माझे हात कुठं मोकळे हायेत?"

"त्याच्या वाटचा मी सोडते," मोतीबाई म्हणाली. आई लेकराच्या वतीने नवस बोलते, तसंच. तिने दुसरा खडा उचलला आणि सोडला. लोकांनी मारुतीच्या नावाने आरोळी दिली. 

मतदानाच्या दिवशी शाळेत मशीन येऊन बसलं. चार सरकारी माणसं आणि एक पोलीस बाई. आख्खा दिवस एक माणूस आत गेला नाही. दुपारी त्यातला मोठा अधिकारी घाम पुसत खळ्यावर आला.

"मावशी, तुमचा हक्क आहे हो. असा वाया घालवू नका."

"साहेब, भारा उचलू लागता का जरा?" मोतीबाई म्हणाली. तो बिचारा खरंच वाकला. भारा छातीशी येईना, पँटीला कुसळं चिकटली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मोतीबाईला तेव्हा वाटलं, आपण काहीतरी मोठं करतोय. जन्मात पहिल्यांदा सरकार आपल्या खळ्यावर आलं.

ऊन कलल्यावर आनंदीबाई निघाली. हिरवं लुगडं, हातात मतदानाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात काठी. शाळा पन्नास पावलांवर होती. मोतीबाईने हातातली पेंढी टाकली आणि धावत जाऊन तिला आडवी झाली.

"आत्या, मीठ सोडलंय तू."

"तू माझा हात धरून सोडलंस."

"चल घरी."

"एकदा नाव ऐकून येते गं. मत नाय टाकत. नुसतं नाव."

मोतीबाईने तिचं मनगट धरलं. कोरड्या काटकीसारखं मनगट, जोर करावाच लागला नाही. तिला घरी आणून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मशीन बंद होऊन गाडी जाईपर्यंत शेजारी बसून राहिली.  म्हातारी चिठ्ठीची घडी करत होती आणि उलगडत होती.

मशीन शून्य घेऊन गेलं.

रूपेश त्या दिवशी गावात नव्हता. निवेदन घेऊन तालुक्याला गेलो होतो, असं दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला. डाव्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"काय झालं रं?"

"गाडीच्या दारात चेमटलं."

मोतीबाई कळवळली. हळद तापवून लावते म्हणाली, तो नको नको म्हणत राहिला. मग तिने जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्याच्या पट्टीवरूनच आणखी दोन वेढे दिले आणि गाठ मारून वर फुंकर घातली. अडतीस वर्षांचा बाप्या, आणि ही फुंकर घालतेय.

तीन दिवसांनी निकाल लागला. साहेबाचा नातू पडला. दोनशे अडुसष्ट मतांनी. निवडून आला तो शिळफाट्याकडचा नवा माणूस, ज्याला आवळशेतने कधी पाहिलंही नव्हतं. पारावर माणसं बोटांवर हिशेब करत बसली. आपली तीनशे तीस असती तर?  रूपेश म्हणाला, "बघा, आता कळली का आपली किंमत? नव्या आमदाराला भेटतो. तोच दार बसवील." लोकांनी मान हलवली. मोतीबाईनेही हलवली.

पुढच्या आठवड्यात झाकीर आला. हा पेंढ्याचा व्यापारी. दरवर्षी खोपोलीहून टेंपो घेऊन यायचा आणि गावचा पेंढा तबेल्यांसाठी न्यायचा. बाप-आज्यापासूनचा संबंध, हिरूच्या घरी हक्काने चहा मागायचा. यंदा दोन तास उशिरा आला, चपला लाल मातीने माखलेल्या.

"भाभी, वरचा रस्ता काय केलाय तुमी लोकांनी? टेंपो फसला माझा."

"कुठला रस्ता?"

"कालव्याचा. दोन जेसीबी लागलेत. वरचा आख्खा कालवा भरून टाकला, वरून मुरूम टाकतायत. पुढं मोठी कमान उभी हाय. बंगल्यांचं काम हाय म्हणाले."

हिरू म्हणाला, "दाराचं काम असंल. भराव टाकून करत असतील."

झाकीरने कपातून तोंड वर काढलं, दोघांकडे पाहिलं आणि तो पेंढ्याच्या गाठी बांधायला उठला.

मोतीबाईला चैन पडेना. तरी तिने मनाला समजावलं, रूपेश असताना असं कसं होईल. त्याच दुपारी समीक्षा आली. रूपेशची बायको, नेरळलाच राहायची, स्वभावाने साधी. नवे तांदूळ न्यायला रिक्षा करून एकटीच आली होती. ओट्यावर बसली आणि मोतीबाई वालाच्या शेंगा सोलत होती त्यात हात घातला. बोलता बोलता सोलत होती, आणि तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखापासून पेरापर्यंत, काळी रेघ होती.

मोतीबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे काय गं?"

"शाई ना ती काकी. जातच नाय. लिंबू लावलं, राख लावली."

"तू मत दिलंस?"

"दिलं की. आमी दोघांनी. नेरळच्या शाळेत." समीक्षाने सहज मान वर केली आणि काकीचा चेहरा बघून थांबली. "आमची नावं तिकडं गेली ना. जूनमधी फॉर्म भरला यांनी. तुमाला नाय सांगितलं?"

जूनमध्ये. तेव्हा गावात राबातली भाताची रोपं बोटभरही झाली नव्हती. बहिष्काराची गोष्ट तो खळ्यावर येऊन बोलला ती नोव्हेंबरात.

मोतीबाईने शेंगा सोलून संपवल्या. समीक्षाला तांदूळ मोजून न देता पोतंच उचलून रिक्षात ठेवलं, वर सोललेले वाल दिले. पोरीचा काय दोष. मग डोक्यावर पदर घेऊन ती कालव्याने वर चालत गेली. अर्धा कोस. जिथे दार होतं तिथे लाल मुरमाचा सपाट रस्ता होता, त्यावर रोलर फिरत होता. कडेला रूपेशची पांढरी गाडी उभी होती आणि तो कुणाला तरी हात लांबवून माळ दाखवत होता. बोटाची पट्टी निघाली होती.

तिला बघून तो पुढे आला. "काकी, उन्हाची कशाला आलीस चालत?"

"बोट दाखव."

त्याने हात खिशात घातला. मग काढला. काळी रेघ होती तिथेच.

"कालवा बुजवलास?"

"मी नाय. नवा आमदार सरकारी कागद आणतोय, कालवा रद्द. तसाबी मेलेलाच व्हता." तो हळू आवाजात बोलत होता, लहानपणी मार चुकवताना बोलायचा तसा. "साहेबाचा नातू निवडून आला असता तर गावाच्या धाकानं आज ना उद्या त्याला दार बसवावं लागलं असतं. मग ह्या रस्त्याचं काय? एवढी माणसं अडकलीत यात."

"म्हणून आमाला घरी बसवलंस."

"तुमची मतं कधी फुटलीत का, सांग? चाळीस वर्सं एकच आकडा. ती दुसऱ्याला मिळणार नव्हतीच. नुसती थांबवायची व्हती. मी कुणाचं मत इकलं नाय, काकी."

"नाय. तू नाय काय केलंस," मोतीबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला. "मीच केलं समदं. घर न् घर मी फिरले. तुझ्यासाठी फिरले रं. तुला पाजलं ते कमी पडलं का, म्हणून गावच पाजलं तुला?"

रोलरवाल्याने यंत्र बंद केलं होतं आणि तो बघत होता. रूपेशने आजूबाजूला पाहिलं. "हळू बोल. तुमची दीड एकर आता रस्त्याला लागतेय. काकाला वाळू चाळायला जायला लागायचं नाय. मी तुमचं वाईट करीन का?"

"मीठ सोडलं व्हतं तुझ्या नावानं."

"मी कुठं सोडलं?" तो म्हणाला. "तू सोडलंस."

आणि ते खरं होतं. तांब्या त्याने मुद्दाम दोन्ही हातांनी धरला होता की सहज, हे ती आता कुणाला विचारणार? मोतीबाई वळली. येताना मुरमाचे खडे पायाला टोचत होते, तरी ती कडेच्या मातीवर उतरली नाही.

घरी आल्यावर हिरूला सांगितलं. तो गुडघा चोळत बसला. "गप राहा," म्हणाला. "घरातलं हाय. गावाला कळलं तर आपल्याच तोंडात शेण."

"ते पडलंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर ती निघाली. ज्या वाटेने शपथ मागत गेली होती त्याच वाटेने, त्याच दारांत. सुंदराच्या घरी, गोदाच्या घरी, वरच्या आळीत, खालच्या आळीत. जोत्यावर बसायची नाही, पाणी घ्यायची नाही. उभ्यानेच सांगायची: रूपेशनं आपल्याला इकलं, त्याची नावं जूनमधीच नेरळला गेलीत, आन् तुमाला थांबवलं ते मी. कुणी शिव्या घातल्या. कुणी म्हणालं, तुला काय मिळालं ते सांग की आता. गोदाने नुसतं दार लोटून घेतलं. गोदाच्या नवऱ्याचीही जमीन कालव्याकाठची, म्हणजे आता रस्त्याला लागणारी. मोतीबाई पुढच्या दाराशी गेली.

आनंदीबाईचं दार तिने शेवटी ठेवलं होतं, शेजारचं असून.

म्हातारी उन्हात बसून तांदूळ निवडत होती. मोतीबाई तिच्यासमोर खाली बसली, इथे मात्र उभं राहवेना. सगळं सांगितलं. दुसऱ्या खड्याचंही सांगितलं.

"बघितलं व्हतं मी," आनंदीबाई म्हणाली. "दोन सोडलेस ते."

"मग बोललीस का नाय?"

"माझं कोण ऐकत व्हतं?" तिने सुपातला एक मोठा खडा वेचून बाजूला टाकला. "पुढलं मतदान कवा हाय गं?"

लवकरच हाय, असं मोतीबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लबाडी पुष्कळ झाली होती. "असलं मोठं पाच वर्सांनी, आत्या."

आनंदीबाईने मान हलवली. पाच वर्षं तिने मनात कुठे ठेवून पाहिली कोण जाणे.

"मी नसंन तवा," ती म्हणाली. "पर यादीत नाव असंल. काढत नायत लवकर. मास्तर इचारंल, ही आनंदीबाई धर्मा कोण, आली का नाय. तवा तू जा. सांग, मेली म्हणून. आन् मागल्या वक्ताला आली व्हती, तिला वाटंत कुणी धरली, तेबी सांग."

"सांगीन," मोतीबाई म्हणाली.

म्हातारीने सूप तिच्याकडे सरकवलं. तिच्या डोळ्यांना आता बारीक खडे दिसत नव्हते. मोतीबाई तांदूळ निवडायला लागली.